टिकाव चालेल, प्रश्न नको

भारतात अठरा वर्षांची मुलगी खासदार निवडू शकते. ६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले आणि २८ मार्च १९८९ पासून ते अमलात आले. एकवीस पूर्ण झाले की तीच मुलगी ग्रामपंचायतीला उभी राहू शकते, सरपंच झाली तर गावाच्या अंदाजपत्रकावर सही करू शकते. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात मात्र १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने तिच्या हातातली मतपत्रिका काढून घेतली. आदल्या परीक्षेत ज्याला सर्वांत जास्त गुण, तो वर्गाचा प्रतिनिधी. विद्यार्थी परिषदेत राष्ट्रीय सेवा योजनेचाही एक प्रतिनिधी असे, पण तो प्राचार्यांनी नेमलेला. ज्या शंभर जणांनी वर्षभर चर खणायचे, झाडे लावायची, रक्तदानाच्या रांगा लावायच्या, त्यांच्या वतीने बोलणार कोण हे ठरवताना त्या शंभरांना कोणी विचारायचे नाही, अशी ती व्यवस्था होती.

महाराष्ट्राला तरुणांचे हात हवे असतात, त्यांचे तोंड नको असते. सेवा आणि नेतृत्व या एकाच नागरिकत्वाच्या दोन बाजू, पण आपण त्या इतक्या शिताफीने वेगळ्या केल्या की सेवेची झाली हजेरी आणि नेतृत्वाचा झाला फ्लेक्स.

आधी सेवेकडे पाहू. डिसेंबर-जानेवारी हा राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचा हंगाम. 'विशेष श्रमसंस्कार शिबिर' असा फलक लावून महाविद्यालयाचा टेम्पो दत्तक गावात येतो, त्यात पातेली, सतरंज्या, गॅसची शेगडी, टिकाव, फावडी, घमेली. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत. पहाटे प्रभातफेरी, मग चहा-पोहे, मग श्रमदान, दुपारी जेवून डोळे मिटत असताना बौद्धिक सत्र, रात्री पथनाट्याची तालीम. सात दिवस. उद्घाटनाला सरपंचांना शाल-श्रीफळ, समारोपाला आमदार येणार येणार म्हणत बहुधा त्यांचे स्वीय सहायक.

श्रमदानात पुष्कळदा वनराई बंधारा असतो. पाऊस सरल्यावर ओढ्यात जी बारीक धार उरते ती अडवायची. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, त्यांत वाळू-माती भरायची, दाभण-सुतळीने तोंड शिवायचे. मग विटांच्या बांधकामात जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत तशा त्या रचायच्या आणि मधल्या फटीत चिकणमाती ठासायची. पहिल्या दिवशी मुले गोणी काठोकाठ भरतात आणि ती उचलेनाशी होते. दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता दोन तृतीयांश भरू लागतात, कारण तेवढी भरली की ती नीट बसतेही. साखळी करून गोणी हातोहात जाऊ लागली की शहरी मुलाच्या तळहाताला फोड येतो आणि शेतकऱ्याच्या मुलीला प्रथमच वर्गात भाव येतो. संध्याकाळपर्यंत मागे पाणी तुंबते. ते पाहण्याचा आनंद खरा असतो, त्याची टिंगल करणाऱ्याने एकदा गोणी शिवून पाहावी.

या सात दिवसांत आणखीही काही घडते, ज्याची नोंद अहवालात होत नाही. कित्येक मुली घराबाहेर रात्र पहिल्यांदा इथेच काढतात, त्यासाठी पालकांचे संमतिपत्र आणताना घरात जो वाद झालेला असतो तो त्यांच्या नागरिकशास्त्राचा पहिला धडा असतो. मुलगे खरकटी भांडी घासतात. स्वयंपाकाच्या पाळीत कोणत्या जातीचा हात कणकेला लागला हे विचारायची सोय राहत नाही. शिबिराच्या बाजूने एवढे सगळे आहे.

पण त्या ओढ्याचे पाणी डिसेंबरातच का आटले? वर किती विहिरींवर किती अश्वशक्तीच्या मोटारी आहेत? ओढ्यातली वाळू कोणाच्या ट्रॅक्टरने गेली? पाणलोटाच्या नावाने याच गावात आधी किती निधी आला आणि त्यातले बांध कुठे आहेत? हे प्रश्न शिबिराच्या वेळापत्रकात बसत नाहीत. बसवले तर शाल-श्रीफळ घेतलेले सरपंच अस्वस्थ होतात, कार्यक्रम अधिकारी म्हणून जुंपलेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्याहून अस्वस्थ होतात, कारण पुढच्या वर्षी गाव मिळवायचे त्यांनाच असते. त्यापेक्षा गोण्या बऱ्या.

ही योजना जन्मली तेव्हा तिच्या मागे बराच विचार होता. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सेवेबाबत समिती नेमली गेली. तिने शालेय शिक्षण संपवून महाविद्यालयात जाऊ पाहणाऱ्यांना नऊ महिने ते वर्षभर सक्तीची सेवा सुचवली. खर्चाचा आकडा आणि अंमलबजावणीची अडचण पाहून सरकारने ती बाजूला ठेवली. पुढे कोठारी आयोगाने शिक्षणाच्या सर्व पायऱ्यांवर समाजसेवा असावी असे म्हटले आणि गांधीजींच्या जन्मशताब्दीचे निमित्त साधून २४ सप्टेंबर १९६९ रोजी शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. आज देशभरात ही संख्या ४० लाखांच्या आसपास पोहोचली आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि एक विशेष शिबिर. विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व समाजसेवेतून घडवायचे, हा उद्देश.

व्यक्तिमत्त्व किती घडले हे मोजायला फूटपट्टी नाही, तास मात्र मोजता येतात. म्हणून मग तासच मोजले गेले. मुंबई विद्यापीठात या कामासाठी वर्षानुवर्षे १० गुणांची सवलत मिळत आली आहे. एखाद्याचा विषय त्यामुळे सुटतो, यात वाईट काही नाही. मात्र डायरीत तास भरले की सेवा झाली, असा हिशेब दोन्ही बाजूंनी मान्य झाला.

सेवा आणि प्रश्न यांची ही फारकत आपल्या परंपरेत नव्हती. १८४८ साली मुंबईत एल्फिन्स्टनच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापली. सुरुवातीला नावाप्रमाणे निबंधवाचन आणि चर्चा. पुढच्या वर्षी एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा रंगली, तेव्हा प्राध्यापक पॅटन यांनी नुसत्या बोलण्यावर न थांबता काही करून दाखवण्याचे आवाहन केले. विशी-पंचविशीतल्या या तरुणांनी ते मनावर घेतले आणि १८४९ मध्ये मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. स्वतःच्या कामाआधी सकाळी विनावेतन शिकवायला लागले. त्यांत दादाभाई नौरोजी होते. घरोघर जाऊन मुली मागताना काही संतापलेल्या बापांनी पायऱ्यांवरून खाली फेकून देण्याची धमकी दिल्याचे त्यांनीच पुढे सांगितले आहे.

या तरुणांनी रस्ता झाडला असता तर कोणीही धमकी दिली नसती. मुलींना अक्षर का नाही, हा प्रश्न ते उंबऱ्यावर घेऊन गेले. त्यांची सेवा होती ती त्या प्रश्नाला दिलेले उत्तर. आणि पुढे हेच दादाभाई हिंदुस्थानचा पैसा जातो कुठे याचा हिशेब मांडत ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. दोन्ही कामांमागची खोड एकच दिसते.

इथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. विद्यार्थ्यांच्या हाती नेतृत्व दिले तेव्हा काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या महाविद्यालयीन निवडणुका म्हणजे उमेदवार पळवणे, मतदारांना सहलीला नेऊन कोंडणे, हॉकीस्टिक, आणि मागे स्थानिक पुढाऱ्याची जीप. १९८९ मध्ये मुंबईत या राजकारणातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला आणि निवडणुका बंद करण्याच्या मागणीला धार आली. पालकांना हायसे वाटले, प्राचार्यांना त्याहून जास्त.

याहून अवघड उदाहरण मराठवाड्याचे. १९७४ चे विकास आंदोलन तिथल्या विद्यार्थ्यांनी पेटवले. रोजगार, रेल्वे, सिंचन यांबाबतचा प्रदेशाचा अनुशेष त्यांनी राज्याच्या तोंडावर मांडला. त्याच मराठवाड्यात २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केल्यावर विद्यार्थ्यांच्याच कृती समित्या विरोधात उभ्या राहिल्या आणि दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. म्हणजे विद्यार्थी रस्त्यावर आले की न्यायाच्याच बाजूने येतात, ही समजूत भाबडी आहे.

मात्र या इतिहासातून निष्कर्ष कोणता काढायचा? कायदा करणाऱ्यांनी काढला तो असा, की नेतृत्वच नको. दुसराही काढता येतो. १९७८ मध्ये घोषणा देणाऱ्यांपैकी कितीजण त्या वस्त्यांत कधी राहिले होते, तिथल्या हातपंपाचे पाणी प्यायले होते? ते नेतृत्व सेवेशिवायचे होते, ज्याच्यावर दगड पडतो त्याच्याशी ओळख नसलेले. आज आपल्याकडे आहे ती नेतृत्वाशिवायची सेवा. पहिल्याने माणसे जळाली आणि दुसऱ्याने कोणाचे काही बिघडत नाही, त्यामुळे दुसरी निवडणे समजण्यासारखे आहे. पण दोन्हीचा उगम एकाच तुटलेपणात आहे, हे विसरून चालणार नाही.

निवडणुकांबाबतही बंदी हा एकच उपाय नव्हता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या जे. एम. लिंगडोह समितीने २००६ मध्ये उमेदवाराला ५ हजार रुपयांची खर्चमर्यादा, ७५ टक्के हजेरी, छापील पोस्टरांना मज्जाव अशी बंधने घातली, आणि नेमणुकीची पद्धत असलीच तर ती तात्पुरती असावी, असेही सांगितले. महाराष्ट्राने २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुकांची तरतूद परत आणली. कायदा मार्च २०१७ पासून लागू झाला. २०१९ मध्ये निवडणुका होणार असे जाहीर झाले, मग पूर आला, विधानसभेची निवडणूक आली, त्या पुढे ढकलल्या गेल्या. पुढे करोनाचे कारण मिळाले. कारणे मिळत राहतातच. दरम्यान त्याच विद्यार्थ्यांना पक्षांच्या युवा आघाड्यांत, दहीहंडीच्या मंडळात, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'भावी' म्हणून मुक्त प्रवेश आहे. ज्या राजकारणाला आपण दारातून हाकलले ते खिडकीतून आले, एवढेच नव्हे, तर हिशेब, आचारसंहिता आणि मतदार यांपैकी काहीही सोबत न घेता आले.

सत्तेला विद्यार्थ्यांची धास्ती का वाटते, याचे उत्तर अहमदाबादेत सापडते. डिसेंबर १९७३ मध्ये तिथल्या एल. डी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वसतिगृहात खाणावळीचे बिल वाढले. मुलांनी विचारले, का वाढले? धान्य-तेलाच्या भाववाढीपासून प्रश्न मंत्रालयापर्यंत गेला आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. 'नवनिर्माण'ने पुढे काय निर्माण केले यावर वाद घालता येईल. ताटातल्या पोळीचा भाव विचारणारा विद्यार्थी कुठवर जाऊ शकतो, हे मात्र त्या दोन महिन्यांत सर्व राज्यकर्त्यांना कळले.

प्रश्न विचारायला दरवेळी दगड उचलावा लागत नाही. २०११ च्या उन्हाळ्यात देशातल्या ९ राज्यांत विद्यार्थी स्वयंसेवक रेशनकार्डधारकांच्या दारोदार फिरले. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रितिका खेडा यांच्यासोबतची ही पाहणी होती; शंभराहून जास्त गावे, बाराशेच्या वर कुटुंबे. कार्डावर नोंद किती किलोची, घरात आले किती, दुकान महिन्यातून किती दिवस उघडते, धान्याऐवजी रोख पैसे दिले तर चालतील का? त्या काळी दिल्लीत ऐकू येणारा सूर असा होता, की रेशन म्हणजे गळके मडके, त्यापेक्षा पैसे वाटा. विद्यार्थ्यांच्या कागदावर वेगळे चित्र आले. छत्तीसगड, तामिळनाडूसारख्या राज्यांत धान्य बऱ्याच अंशी घरापर्यंत पोहोचत होते, बिहारची अवस्था वाईट होती, आणि बहुसंख्य कुटुंबांनी रोख रकमेपेक्षा धान्यालाच पसंती दिली होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापूर्वीच्या वादात ही माहिती वजनदार ठरली. उन्हात वणवण करून मुलांनी कोणाला एक किलो तांदूळही वाटला नव्हता. पण ती सेवा नव्हती, असे कोण म्हणेल?

महाराष्ट्रात याच जातीचे काम आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या केंद्राने केले. ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान शोधायला १९८५ मध्ये निघालेल्या या केंद्राचे विद्यार्थी कर्जत, मोखाडा अशा तालुक्यांत जाऊन नळपाणी योजनांचा अभ्यास करू लागले. धरण जवळ असून उन्हाळ्यात पाड्यावर टँकर का? मिलिंद सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरलेला मुद्दा साधा आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून हजारो मुले दरवर्षी प्रकल्प करतात, पण शेजारच्या गावचा नळ का आटला हे कोणाच्याच प्रकल्पाचा विषय नसते. या विचारातून २०१६ मध्ये राज्य सरकारने 'उन्नत महाराष्ट्र अभियान' आखले. जिल्हा प्रशासनापुढचे प्रश्न जवळच्या महाविद्यालयाने हाती घ्यावेत, अशी त्यामागची कल्पना.

अशा पाहणीला लागते काय? जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. वाडीच्या सर्वांत शेवटच्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवायची, ती भरायला किती मिनिटे लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर पाहायचे, नळ एकूण किती वेळ येतो ते घरातल्या बाईला विचारायचे आणि गुणाकार करायचा. मग टाकीची क्षमता पाहायची, पंपाचे वीजबिल किती महिने थकले ते ग्रामपंचायतीत विचारायचे, पाणीपट्टी किती घरांनी भरली ते नमुन्यात बघायचे. हे काम बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी आठवडाभरात करू शकते. न दाखवलेला कागद माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागू शकते. यानंतर तिच्या लक्षात येते, की गावकरी पाणीपट्टी भरत नाहीत कारण पाणी येत नाही, आणि पाणी येत नाही कारण वीज तुटली आहे, ती तुटली कारण पाणीपट्टी भरलेली नाही. नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा हे वर्तुळ जास्त शिकवते. त्यात केवळ सरपंचच नव्हे, गावकरीही उघडे पडतात, ही त्याची आणखी एक गंमत.

हिवरे बाजारने नेमके हेच स्वतःच्या बळावर केले. एम.कॉम. झालेल्या पोपटराव पवारांना गावातल्या तरुणांनी आग्रह करून सरपंच केले. श्रमदान तिथेही झाले, चर तिथेही खणले गेले; पण त्याबरोबर पाऊस मोजून वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची आणि त्यावरून पिके ठरवायची रीत पडली. शेतीसाठी बोअर नको, ऊस-केळी नको, असे नियम गावाने स्वतःवर घातले. टिकाव सर्वांच्याच हाती असतो. ताळेबंद फार थोड्यांच्या.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प आणि समुदाय सहभाग प्रकल्प आणले आहेत, त्यांना श्रेयांक आहेत. संधी मोठी आहे आणि धोकाही ओळखीचा. वीस पानी अहवाल, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर झाडाचे चित्र, आत गेल्या वर्षीच्या बॅचचा मजकूर, आणि पान एकोणीसवर 'लोकांमध्ये जनजागृती करणे गरजेचे आहे'. तपासणारा प्राध्यापक तासिका तत्त्वावरचा असेल तर त्याला तो वाचायचीही सवड नाही. सेवा ऐच्छिक होती तोवर निदान हौशी मुले तरी येत, सक्तीची झाल्यावर दुकानात अहवाल विकत मिळू लागतील. काही ठिकाणी मिळतही असतील.

शहरातून आलेल्या पोरांनी गावाला प्रश्न विचारणे आगाऊपणाचे दिसते, ही तक्रारही खरी आहे. त्यावर उतारा एवढाच, की सुरुवात स्वतःच्या अंगणातून करावी. विद्यार्थी कल्याण निधीच्या नावाने शुल्कात किती रक्कम घेतली जाते आणि ती जाते कुठे? महाडीबीटीवर कितीजणांची शिष्यवृत्ती अडकली आहे आणि कोणत्या टेबलावर? वसतिगृहातल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी कधीपासून तुटली आहे? स्वयंसेवकांनी आधी ही पाहणी करावी, आपल्या महाविद्यालयासमोर मांडावी आणि उत्तर मागावे. ज्या प्राचार्यांना हे झेपेल, त्यांच्याच मुलांना गावात जाऊन सरपंचाला विचारण्याचा अधिकार पोहोचतो.

गावातही एकाच वर्षीच्या सात दिवसांनी काही होत नाही. दत्तक गाव ही कल्पना योजनेत आहेच. तेच गाव सलग तीन-चार वर्षे धरले, आदल्या तुकडीने मोजलेला नळ पुढच्या तुकडीने पुन्हा मोजला, तर त्या आकड्याला अर्थ येतो. शिबिरांचा हंगाम जानेवारीत संपतो आणि २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरतात. शिबिराच्या पाहणीचा विषय त्या सभेपुढे ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीला एक अर्ज द्यावा लागतो, तो स्वयंसेवकांनी आपल्यातून निवडलेल्या मुलीने द्यावा आणि सभेत उभे राहून तिनेच वाचावा. काही गावांत टाळ्या पडतील. काही गावांत कोरम नाही म्हणून सभाच तहकूब होईल, आणि एखाद्या गावचा सरपंच पुढच्या वर्षी आमच्याकडे शिबिर नको म्हणून निरोप धाडील. कार्यक्रम अधिकाऱ्याला मग दुसरे गाव शोधावे लागेल, आणि जुन्या गावात नेमके काय झोंबले याची चर्चा पहिल्याच बौद्धिक सत्रात घ्यावी लागेल.